टाइप २ मधुमेह आणि वनस्पतींतील फ्लॅव्होनॉइड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टाइप २ मधुमेह असलेल्या व्यक्ती आणि त्यांचे कुटुंबीय फ्लॅव्होनॉइडविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असल्यास तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. ही माहिती उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्याला पर्याय नाही.

१. फ्लॅव्होनॉइड म्हणजे नेमके काय? ते एक प्रकारचे जीवनसत्त्व आहे का?

फ्लॅव्होनॉइड ही वनस्पतींमध्ये तयार होणाऱ्या संयुगांची एक मोठी जमात आहे. त्या सर्वांचा सांगाडा पंधरा कार्बन अणूंचा असतो : दोन वलये आणि त्यांना जोडणारे तीन कार्बन. या सांगाड्यावर कोठे काय जोडले गेले आहे यानुसार त्यांचे उपगट पडतात. कांदा आणि सफरचंद यांतील क्वेर्सेटिन हे फ्लॅव्होनॉल आहे, चहा आणि कोको यांत कॅटेचिन व त्यांचे सोबती (फ्लॅव्हॅनॉल) असतात, लिंबूवर्गीय फळांत हेस्पेरिडिन आणि नॅरिंजिन, सोयाबीनमध्ये जेनिस्टीन आणि डेडझीन, तर गडद जांभळ्या, निळ्या व लाल फळांचा रंग बहुधा अँथोसायनिनचा असतो. आजवर अशी हजारो संयुगे ओळखली गेली आहेत.

ती जीवनसत्त्वे नाहीत. १९३६ साली आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिंबूवर्गीय फळांतील फ्लॅव्होनॉइडना ‘व्हिटॅमिन पी’ असे नाव सुचवले होते, परंतु ती न मिळाल्यास एखादा निश्चित आजार होतो असे सिद्ध झाले नाही आणि ते नाव पुढे मागे पडले. जाहिरातींत ते अजूनही अधूनमधून डोके वर काढते.

२. फ्लॅव्होनॉइडमुळे टाइप २ मधुमेह बरा होतो का?

नाही. कोणत्याही फ्लॅव्होनॉइडने, मग ते अन्नातले असो वा कॅप्सूलमधले, टाइप २ मधुमेह बरा झाल्याचे सिद्ध झालेले नाही आणि त्यांच्या भरवशावर चालू औषध बंद करणे धोक्याचे आहे. काही जणांमध्ये वजन लक्षणीय उतरल्यावर औषधाविना साखर आटोक्यात राहते, पण त्याचे श्रेय वजनाला आहे.

३. मग रक्तातील साखरेवर त्यांचा परिणाम होतो असे कोणत्या आधारावर म्हणतात?

आधार आहेत, आणि ते एकाहून अधिक आहेत. पहिला आतड्यातला. पिष्टमय पदार्थांचे ग्लुकोजमध्ये रूपांतर करणारी अल्फा-अमायलेज आणि अल्फा-ग्लुकोसिडेज ही विकरे (एन्झाइम) कित्येक फ्लॅव्होनॉइडमुळे मंदावतात. आतड्याच्या भिंतीतून ग्लुकोज आत नेणाऱ्या प्रथिनांनाही काही फ्लॅव्होनॉइड अडवतात. परिणामी जेवणानंतर साखर एकदम उसळण्याऐवजी सावकाश चढू शकते. अकार्बोज हे औषध याच विकरांवर काम करते, मात्र ते फ्लॅव्होनॉइड नाही आणि त्याची ताकद कितीतरी अधिक आहे.

दुसरा आधार पेशींच्या आतला. स्नायू आणि यकृत यांच्या पेशींत ऊर्जेचा हिशेब ठेवणारे एएमपीके नावाचे विकर काही फ्लॅव्होनॉइडमुळे चेतवले जाते, इन्शुलिनचा संदेश पुढे जाण्यात अडथळा आणणारी दाहजन्य रसायने कमी होतात आणि स्वादुपिंडातील इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी ताणाखाली अधिक काळ तग धरतात, असे प्रयोगांत दिसले आहे. तिसरा आधार मोठ्या आतड्यातील जिवाणूंचा. न शोषलेली फ्लॅव्होनॉइड तेथे पोहोचतात, जिवाणू त्यांचे लहान फिनॉलिक आम्लांत विघटन करतात आणि जिवाणूंची घडणही त्यामुळे थोडीफार बदलते.

या तिघांपैकी पहिला मला सर्वांत विश्वासार्ह वाटतो, कारण आतड्याच्या पोकळीत फ्लॅव्होनॉइडचे प्रमाण खरोखरच जास्त असते. रक्तात तसे नसते, आणि खरी अडचण तेथूनच सुरू होते (प्रश्न ४).

४. प्रयोगशाळेत इतके चांगले निष्कर्ष येतात, तर डॉक्टर ते लिहून का देत नाहीत?

कारण परीक्षानळीतील पेशीला जे मिळते ते शरीरातील पेशीला मिळत नाही. पेशींवरील प्रयोगांत क्वेर्सेटिन बहुधा १० ते १०० मायक्रोमोलर (द्रावणातील तीव्रता मोजण्याचे एकक) इतक्या तीव्रतेने वापरले जाते. नेहमीच्या आहारातून रक्तात पोहोचणारे प्रमाण सहसा १ मायक्रोमोलरच्याही खाली राहते. शिवाय जे पोहोचते ते मूळ क्वेर्सेटिन क्वचितच असते. आतड्याची भिंत आणि यकृत त्याला ग्लुकुरोनिक आम्ल, सल्फेट किंवा मिथाइल गट जोडून टाकतात, त्यामुळे रक्तात फिरणारा रेणू निराळा असतो आणि त्याचे गुणही निराळे असू शकतात. अँथोसायनिनचे शोषण तर त्याहूनही कमी आहे. म्हणून एखाद्या लेखात ‘क्वेर्सेटिनने बीटा पेशी वाचवल्या’ असे वाचल्यावर पहिला प्रश्न हाच विचारावा की किती तीव्रतेला, आणि कोणत्या रूपातल्या रेणूने?

दुसरी अडचण चाचणीच्या पद्धतीतच आहे. क्वेर्सेटिन आणि जेनिस्टीन यांसारखे रेणू द्रावणात एकमेकांना चिकटून सूक्ष्म पुंजके बनवतात आणि ते पुंजके समोर येईल त्या विकराला गुंडाळून निकामी करतात. अशा वेळी तो रेणू अमुक विकराला रोखतो असे कागदावर उतरते, पण त्यात त्या विकरासाठी खास असे काहीच नसते. औषधशोधाच्या क्षेत्रात अशा फसव्या रेणूंची यादी ठेवली जाते आणि फ्लॅव्होनॉइडची नावे तीत ठळकपणे येतात.

तिसरी अडचण प्राण्यांची. उंदरांना शरीराच्या वजनाच्या मानाने दिली जाणारी मात्रा माणसाच्या ताटातून कधीच मिळणार नाही इतकी मोठी असते. त्यातच प्रयोगासाठी त्यांच्यात मधुमेह पुष्कळदा स्ट्रेप्टोझोटोसिन नावाचे रसायन टोचून निर्माण केलेला असतो. ते रसायन ऑक्सिडीकरणाच्या मार्गानेही बीटा पेशी मारते, त्यामुळे कोणताही अँटिऑक्सिडंट तेथे उठून दिसतो. माणसाचा टाइप २ मधुमेह वर्षानुवर्षांच्या इन्शुलिन प्रतिरोधातून, म्हणजे पेशी इन्शुलिनला नीट दाद न देण्यातून येतो. दोन्ही आजारांना नाव एकच असले तरी त्यांची मुळे वेगळी आहेत.

५. माणसांवरील अभ्यासांत काय आढळले?

दोन प्रकारचे अभ्यास वेगळे धरावे लागतात. निरीक्षणात्मक अभ्यासांत लोक काय खातात हे नोंदवून पुढे कोणाला मधुमेह होतो ते पाहिले जाते. अमेरिकेतील तीन मोठ्या समूहांतील १ लाख ८७ हजारांहून अधिक व्यक्तींच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात ब्लूबेरी, द्राक्षे आणि सफरचंद ही फळे अधिक खाणाऱ्यांमध्ये टाइप २ मधुमेहाचे प्रमाण कमी आढळले, तर फळांचा रस अधिक पिणाऱ्यांमध्ये ते जास्त होते. या निष्कर्षाने अँथोसायनिनबद्दलची आशा वाढवली. परंतु फळे खाणारी व्यक्ती बहुधा चालतेही जास्त आणि धूम्रपानही कमी करते. गणिताने हे फरक वजा करण्याचा प्रयत्न होतो, तो पूर्ण यशस्वी होईलच असे नाही.

म्हणून दुसरा प्रकार, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडून एकाला खरी आणि दुसऱ्याला प्लासिबो, म्हणजे तशीच दिसणारी पण औषध नसलेली कॅप्सूल देण्याचा, अधिक वजनदार मानला जातो. हिरव्या चहाच्या अशा चाचण्या एकत्र केल्यावर उपाशीपोटीच्या साखरेत दिसणारी घट साधारण १ ते २ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर इतकी आहे. संख्याशास्त्राच्या दृष्टीने ती खरी असेल, पण १६० वरून १५८ वर आलेल्या साखरेने रुग्णाच्या उपचारात काही बदलत नाही. क्वेर्सेटिनच्या चाचण्या लहान, अल्पकालीन आणि एकमेकींशी न जुळणाऱ्या आहेत.

आकाराने सर्वांत मोठी चाचणी कोकोची. ‘कॉसमॉस’ या अमेरिकी चाचणीत वयस्क अशा २१,४४२ स्त्री-पुरुषांचा समावेश होता आणि कोको-अर्काच्या गटाला रोज ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हॅनॉल दिले गेले. सुमारे साडेतीन वर्षांनंतर, आधी मधुमेह नसलेल्यांमध्ये नव्याने मधुमेह होण्याचे प्रमाण कोकोमुळे घटले नाही. हा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला. लहान चाचण्यांत इन्शुलिनची संवेदनशीलता सुधारल्याचे दिसले होते, हे लक्षात घेतले तर निराशा अधिकच जाणवते.

६. फ्लॅव्होनॉइडपासून मधुमेहाचे एकही औषध बनले नाही का?

बनले आहे, आणि ती हकिकत या साऱ्या विषयात सर्वांत बोधक आहे. १८३५ साली सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचे कडू संयुग वेगळे करण्यात आले. ते फ्लॅव्होनॉइडच्या कुटुंबातील डायहायड्रोचाल्कोन या शाखेचे आहे. १८८६ साली योझेफ फॉन मेरिंग यांनी दाखवले की फ्लोरिझिन दिल्यावर लघवीतून साखर जाऊ लागते. तेव्हा त्याकडे मधुमेहाची नक्कल करणारे रसायन म्हणून पाहिले गेले.

असे का होते याचे कारण सुमारे शंभर वर्षांनी उलगडले. निरोगी मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० ग्रॅम ग्लुकोज गाळतात आणि जवळजवळ सगळे परत रक्तात घेतात. त्यातला सुमारे नव्वद टक्के भाग एसजीएलटी-२ हे वाहक प्रथिन परत आणते. फ्लोरिझिन नेमके तेच बंद करते. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, स्वादुपिंडाचा बहुतांश भाग काढलेल्या उंदरांना फ्लोरिझिन दिल्यावर साखर तर उतरलीच, शिवाय इन्शुलिनला मिळणारा पेशींचा प्रतिसादही सुधारला.

तरीही फ्लोरिझिन औषध होऊ शकले नाही. तोंडावाटे घेतल्यास आतड्यातील विकरे त्याच्या साखरेचा दुवा तोडून टाकतात. जे फ्लोरिझिन न तुटता उरते ते एसजीएलटी-१ या आतड्यातील वाहकालाही अडवते, ज्याने जुलाब होतात. रसायनशास्त्रज्ञांनी रेणूची रचना बदलली. ग्लुकोजची जोडणी ऑक्सिजनऐवजी थेट कार्बनमार्फत केली, ज्यामुळे आतड्यातील विकरांना ती तोडता येईना, आणि रेणूला एसजीएलटी-२ ची निवड करायला लावले. डापाग्लिफ्लोझिनला २०१२ साली युरोपात, कॅनाग्लिफ्लोझिनला २०१३ साली अमेरिकेत परवानगी मिळाली. या गटातील औषधांचा हृदय आणि मूत्रपिंड यांनाही लाभ होतो हे पुढील मोठ्या चाचण्यांत दिसून आले.

सालीपासून गोळीपर्यंत पावणेदोनशे वर्षे लागली आणि शेवटी जो रेणू गोळीत आला तो निसर्गात सापडत नाही. ‘नैसर्गिक अर्क’ विकणाऱ्यांच्या जाहिरातीत हा अर्धा भाग गाळलेला असतो.

७. मग सफरचंद सालीसकट खाल्ल्याने त्या औषधासारखा परिणाम मिळेल का?

मिळणार नाही. फळाच्या सालीतील फ्लोरिझिन अत्यल्प असते आणि जे असते त्याचे प्रश्न ६ मध्ये सांगितल्याप्रमाणे आतड्यातच तुकडे होतात. सफरचंद सालीसकट अवश्य खावे, पण ते तंतुमय पदार्थांसाठी आणि चवीसाठी. झाडाच्या सालीचा काढा किंवा भुकटी मात्र घेऊ नये, कारण त्याची मात्रा, शुद्धता आणि सुरक्षितता यांपैकी काहीच ठरलेले नाही.

८. मेटफॉर्मिनही वनस्पतीतूनच आले ना? बर्बेरिन, करक्युमिन हीसुद्धा फ्लॅव्होनॉइडच का?

मेटफॉर्मिनचा उगम गॅलेगा ऑफिसिनॅलिस या वनस्पतीतील गॅलेजिन या संयुगाशी जोडला जातो, पण गॅलेजिन ग्वानिडिन वर्गातले आहे, फ्लॅव्होनॉइड नव्हे. बर्बेरिन अल्कलॉइड आहे, करक्युमिन दुसऱ्याच फिनॉलिक गटातले आणि रेस्व्हेराट्रॉल स्टिल्बीन. वनस्पतिजन्य प्रत्येक गोष्टीला फ्लॅव्होनॉइड म्हटल्याने एका रेणूचा पुरावा दुसऱ्याच्या नावावर जमा होतो, एवढ्यापुरती ही वर्गवारी लक्षात ठेवावी.

९. फ्लॅव्होनॉइड मिळवण्यासाठी फळांचा रस चालेल का? आणि भाजी शिजवल्यावर ती नष्ट होतात का?

रस टाळावा. रस काढताना तंतू निघून जातात, साल आणि चोथा यांतील फ्लॅव्होनॉइडचा मोठा भाग त्याबरोबर जातो, आणि तीन-चार फळांची साखर दोन मिनिटांत पोटात जाते. प्रश्न ५ मधील २०१३ च्या अभ्यासात फळे आणि रस यांची दिशा परस्परविरुद्ध होती हे येथे आठवावे.

शिजवण्याने होणारे नुकसान बरेचसे उष्णतेचे नसून पाण्याचे असते. कांदा उकळला तर क्वेर्सेटिनचा काही भाग पाण्यात उतरतो. ते पाणी त्याच पदार्थात वापरले तर तो वाया जात नाही. परतल्याने किंवा भाजल्याने घट तुलनेने कमी होते. कांद्याच्या बाहेरच्या पाकळ्यांत क्वेर्सेटिन सर्वाधिक असते, त्यामुळे सोलताना कोरड्या सालीबरोबर दोन-तीन रसरशीत पाकळ्याही फेकल्या तर त्यातला चांगला वाटा कचऱ्यात जातो.

१०. डार्क चॉकलेट आणि चहा यांचे काय?

चॉकलेटचा गडद रंग पाहून फ्लॅव्हॅनॉलचा अंदाज बांधता येत नाही. कोकोची भुकटी अल्कली वापरून सौम्य आणि गडद केली जाते तेव्हा तिच्यातील फ्लॅव्हॅनॉल मोठ्या प्रमाणात नष्ट होतात, म्हणजे अधिक काळी दिसणारी भुकटी अधिक रिकामी असू शकते. वेष्टनावर ‘अल्कली प्रक्रिया केलेले’ असा उल्लेख आहे का ते पाहावे. शिवाय ‘कॉसमॉस’ चाचणीतले ५०० मिलिग्रॅम कॅप्सूलमधून दिले होते. तेवढेच चॉकलेटमधून मिळवायचे म्हटले तर साखर आणि मेद यांचा भार आधी मोजावा लागेल.

चहा, हिरवा असो वा काळा, साखरेविना प्यायला हरकत नाही. तो गोड सरबतांच्या जागी येत असेल तर फायदा निश्चित आहे, पण तो न प्यायलेल्या साखरेचा आहे. रक्ताक्षय असलेल्यांनी प्रश्न १४ पाहावा.

११. क्वेर्सेटिनची किंवा हिरव्या चहाच्या अर्काची कॅप्सूल घ्यावी का? किती मिलिग्रॅमची?

मधुमेहासाठी शिफारस करता येईल अशी मात्रा ठरलेलीच नाही. अमेरिकन डायबिटीज असोसिएशनची मार्गदर्शक तत्त्वेही, शरीरात कमतरता नसताना केवळ साखर नियंत्रणासाठी जीवनसत्त्वांची, खनिजांची किंवा वनौषधींची पूरके घेण्याची शिफारस करत नाहीत.

तरीही घ्यायचीच असेल तर वेष्टन नीट वाचावे. ‘क्वेर्सेटिन डायहायड्रेट ५०० मिलिग्रॅम’ असे लिहिले असेल तर त्यात पाण्याचे वजन धरलेले आहे आणि प्रत्यक्ष क्वेर्सेटिन सुमारे ४४७ मिलिग्रॅम भरते. ‘सायट्रस बायोफ्लॅव्होनॉइड कॉम्प्लेक्स’ (लिंबूवर्गीय फळांतील फ्लॅव्होनॉइडचे मिश्रण) या नावाखाली कोणता घटक किती आहे हे पुष्कळदा दिलेलेच नसते.

हिरव्या चहाच्या अर्काबाबत सावधगिरी अधिक हवी. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली दिलेल्या अभिप्रायानुसार, पूरकांतून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक ईजीसीजी (हिरव्या चहातील प्रमुख कॅटेचिन) घेतल्यास यकृतातील विकरे वाढल्याचे आढळते. कपातून थोडा थोडा प्यायलेला चहा आणि उपाशीपोटी गिळलेला दाट अर्क यांत यकृताच्या दृष्टीने मोठा फरक आहे. टाइप २ मधुमेहात यकृतावर चरबी साठलेली असणे सामान्य आहे, म्हणून हा मुद्दा येथे दुय्यम नाही. मळमळ, गडद लघवी किंवा डोळे पिवळे होणे यांपैकी काहीही दिसल्यास अर्क ताबडतोब थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

१२. माझी औषधे चालू आहेत. फ्लॅव्होनॉइडमुळे त्यांच्यात बिघाड होऊ शकतो का?

नेहमीच्या आहारातील प्रमाणाने सहसा नाही, परंतु ग्रेपफ्रूट हा मोठा अपवाद आहे. त्याचा रस आतड्यातील सीवायपी-३ए४ हे औषधांचे विघटन करणारे विकर निकामी करतो, ज्यामुळे कोलेस्टेरॉलची सिम्व्हास्टॅटिन, ॲटोर्व्हास्टॅटिन आणि रक्तदाबाचे फेलोडिपिन यांसारख्या औषधांचे रक्तातील प्रमाण वाढते. १९८९ साली कॅनडातील डेव्हिड बेली यांच्या गटाने हे प्रथम नोंदवले. फेलोडिपिनवर दारूचा काय परिणाम होतो हे तपासताना दारूची चव लपवण्यासाठी त्यांनी तो रस वापरला होता आणि अनपेक्षित आकडे हाती आले. दीर्घकाळ संशय नॅरिंजिन या फ्लॅव्होनॉइडवर होता, मुख्य दोषी मात्र फ्युरॅनोकौमारिन ही फ्लॅव्होनॉइड नसलेली संयुगे निघाली. मधुमेहाच्या रुग्णांना स्टॅटिन वारंवार दिले जाते, म्हणून हे फळ खाण्यापूर्वी विचारून घ्यावे. परिणाम दिवसभर किंवा त्याहून अधिक टिकतो, तेव्हा औषध आणि फळ यांत काही तासांचे अंतर ठेवून भागत नाही.

हिरवा चहा रक्तदाबाच्या नॅडोलोल या बीटा-ब्लॉकर औषधाचे शोषण घटवतो. सोयाबीनचे पदार्थ थायरॉइडच्या लेव्होथायरॉक्सिनबरोबर एकाच वेळी घेऊ नयेत. इन्शुलिन किंवा (शरीरातील इन्शुलिन वाढवणाऱ्या) सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या चालू असताना कोणताही दाट अर्क सुरू केला, तर पहिले काही आठवडे साखर अधिक वेळा तपासावी. फ्लॅव्होनॉइड एकटी साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरवत नाहीत, पण बाजारातील अर्कात वेष्टनावर न लिहिलेले औषध मिसळल्याचे प्रकार उघडकीस आलेले आहेत.

१३. कॅप्सूल सुरू केल्यापासून माझे एचबीए१सी ७.९ वरून ७.५ झाले. म्हणजे ती लागू पडली ना?

असेलही, पण या दोन आकड्यांवरून ते ठरत नाही. एचबीए१सी साधारण तीन महिन्यांतील रक्तातल्या साखरेची सरासरी दाखवते. कॅप्सूल सुरू करून सहाच आठवडे झाले असतील तर हिशेबाचा बराच भाग आधीच्या काळाचा आहे. एकाच व्यक्तीच्या तपासणीत ०.२ ते ०.३ टक्क्यांचा फरक मोजणीतील चढउतारानेही पडू शकतो. शिवाय माणूस नवे काही सुरू करतो ते बहुधा आकडा वाईट आल्यावर, आणि वाईट आकड्यानंतरचा आकडा आपोआपही थोडा सुधारतो. त्याच काळात जेवण आणि चालणे यांकडेही लक्ष गेलेले असते. तुलनेसाठी सांगायचे तर मेटफॉर्मिनमुळे होणारी घट साधारण १ ते १.५ टक्के असते.

खरेच तपासायचे असेल तर डॉक्टरांच्या संमतीने, इतर काही न बदलता कॅप्सूल तीन महिने बंद ठेवावी आणि त्याच प्रयोगशाळेत पुन्हा तपासणी करावी.

१४. मला रक्ताक्षय आहे आणि मी दिवसभर चहा घेते. साखरेच्या तपासणीवर त्याचा परिणाम होतो का?

होऊ शकतो, पण वळणाने. चहातील कॅटेचिन आणि टॅनिन वनस्पतिजन्य अन्नातील लोहाला बांधून ठेवतात आणि त्याचे शोषण कमी करतात. लोहाच्या कमतरतेमुळे झालेल्या रक्ताक्षयात लाल पेशींचे सरासरी वय वाढते आणि एचबीए१सी खऱ्याहून जास्त दिसू शकते. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यावर ते उतरते, आणि तो उतार कॅप्सूलचा समजला जातो. चहा जेवणाबरोबर न घेता एक-दोन तासांच्या अंतराने घ्यावा. मेटफॉर्मिन दीर्घकाळ चालू असल्यास बी-१२ चीही तपासणी करून घ्यावी, कारण रक्ताक्षयाचे ते वेगळे कारण असू शकते.

१५. अमुक फळाचा अँटिऑक्सिडंट गुणांक सर्वाधिक आहे असे वाचले. तेच खावे का?

त्या गुणांकावर निवड करू नये. परीक्षानळीत मोजलेल्या ‘ओरॅक’ या मूल्यांची सूची अमेरिकेच्या कृषी विभागाने २०१२ साली संकेतस्थळावरून काढून टाकली, कारण ती मूल्ये शरीरातील परिणाम सांगत नाहीत आणि विक्रीसाठी त्यांचा गैरवापर होत होता.

१६. गरोदरपणात किंवा मूत्रपिंडाचा आजार असताना अर्क चालतात का?

दोन्ही स्थितींत अर्क घेऊ नयेत, कारण सुरक्षित मात्रा दाखवणारा पुरेसा पुरावा नाही. मूत्रपिंडाच्या आजारात फळे आणि कोको यांचे प्रमाणही पोटॅशियमकडे पाहून आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्यावे.

१७. मी दंडावर ग्लुकोज सेन्सर लावतो. बायोफ्लॅव्होनॉइडची गोळी घेतल्यावर साखर वाढलेली दिसते. असे का?

गोळीच्या वेष्टनावर क जीवनसत्त्व किती आहे ते आधी पाहावे. लिंबूवर्गीय बायोफ्लॅव्होनॉइड बहुधा ५०० किंवा १००० मिलिग्रॅम क जीवनसत्त्वाबरोबर एकाच गोळीत येतात आणि काही सेन्सर इतक्या मात्रेच्या क जीवनसत्त्वामुळे साखर खऱ्याहून जास्त दाखवतात. सेन्सरच्या माहितीपत्रकात ही मर्यादा दिलेली असते. खोट्या चढलेल्या आकड्यावर इन्शुलिनचा जादा डोस घेतला तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. म्हणून अशा वेळी बोटातून रक्त घेऊन ग्लुकोमीटरवर खात्री करावी आणि त्या ग्लुकोमीटरलाही क जीवनसत्त्वाचा अडथळा होतो का, हे त्याच्या माहितीपत्रकात तपासून घ्यावे.